फुलसावंगी ते लुंबिनी: मुलांच्या मुठीने मोजायचा परदेश

फुलसावंगीत निरभ्र रात्री उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. हात समोर ताठ धरा आणि क्षितिजापासून वर एकावर एक दोन मुठी रचा. दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेशी एक मध्यम तेजाचा तारा दिसेल. बाकीचे आकाश रात्रभर सरकत राहते, हा मात्र जागेवरच असतो. हा ध्रुव. ताठ हातापुढची एक मूठ आकाशातले साधारण दहा अंश झाकते आणि ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, तितकेच आपल्या गावाचे अक्षांश असतात. फुलसावंगी विसाव्या अक्षांशाच्या जवळ आहे, म्हणून दोन मुठी. सहा वर्षांच्या मुलाने मोजले तरी उत्तर जवळपास हेच येते, कारण त्याची मूठ लहान असते तसा हातही आखूड असतो.

आता हेच मूल गाडीत बसून उत्तरेकडे निघाले, तर ध्रुव रोज थोडा थोडा वर चढत जाईल. नेपाळमधल्या लुंबिनीत तो पावणेतीन मुठींवर पोहोचलेला असेल. पृथ्वी गोल आहे हे मुलांनी पुस्तकात वाचलेले असते. या प्रवासात ते त्यांना स्वतःच्या हाताने मोजता येते, आणि लहान मुलांना घेऊन परदेशी रस्त्यानेच जावे असे मला वाटते ते यासाठीच. विमान मुलाला एका देशातून उचलून दुसऱ्या देशात ठेवते, मधली पृथ्वी त्याला भेटत नाही. गाडीत मात्र देश हळूहळू बदलताना दिसतो.

फुलसावंगीकरांना हे शक्य आहे, कारण दारासमोरचा डांबरी रस्ता कुठेही न तुटता दुसऱ्या देशात जातो. महागावला राष्ट्रीय महामार्ग ३६१ लागतो. तो आर्णी, यवतमाळ, वर्धा करत बुटीबोरीला नेतो. नागपूरहून महामार्ग ४४ ने शिवनी आणि लखनादौन, पुढे जबलपूर, कटनी, रीवा, प्रयागराज, अयोध्या, बस्ती, गोरखपूर आणि मग सोनौलीची सीमा. एकूण अंतर बाराशे-तेराशे किलोमीटर. विदर्भातली बौद्ध कुटुंबे आजी-आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळ्यांना घेऊन बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनीच्या यात्रा करत आली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि पुढच्याच महिन्यात ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बोलले. दीक्षाभूमीवरून निघून लुंबिनीला पोहोचणाऱ्या घरासाठी या वाटेला आधीपासूनच एक अर्थ आहे.

मुलाबाळांसह शेकडो कोस चालण्याची रीत तर या मातीत त्याहून जुनी आहे. महागाव-पुसदच्या पट्ट्यात आज जे बंजारा तांडे स्थिरावले आहेत, त्यांचे पूर्वज लदेणीच्या बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलखामागून मुलूख पार करत. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला वाटेत असा एक तांडा भेटला. त्यात धान्याने लादलेले १४ हजार बैल होते आणि बायकामुलांसह सारा संसार सोबत होता. दिवसाची मजल मात्र सहा-सात मैलांचीच. बैलाला चरायला आणि माणसांना सावरायला वेळ मिळेल एवढेच अंतर तोडायचे, हा तांड्याचा हिशेब. मुलांसोबतच्या प्रवासाचे याहून चांगले सूत्र मला माहीत नाही. आधी अंगाला काय झेपते ते पाहायचे, मग नकाशा उघडायचा.

म्हणून आधी मुलांचे शरीर समजून घेऊ.

गाडी लागते ती पोटामुळे नाही, कानामुळे. आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांच्या शेजारी कॅल्शियमचे सूक्ष्म खडे असलेल्या दोन पिशव्या. गाडी वळली, थांबली, उसळली की हे द्रव आणि खडे हलतात आणि मेंदूला कळवतात की आपण हललो. मागच्या सीटवर बसलेल्या मुलाला मात्र पुढच्या सीटची पाठ दिसत असते आणि ती हलत नाही. कान म्हणतो हललो, डोळा म्हणतो नाही. या विसंवादातून मळमळ उठते. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही. दोन ते बारा या वयात तो सर्वांत जास्त होतो. उपाय यातूनच निघतो. मुलाला बाहेरचे लांबचे दृश्य दिसेल असे उंच बसवा, चालत्या गाडीत मोबाइल आणि पुस्तक बंद ठेवा, निघण्याआधी तेलकट देऊ नका आणि काच थोडी खाली असू द्या. औषध लागलेच तर वय आणि वजन सांगून डॉक्टरांकडूनच घ्या.

दुसरी गोष्ट डोक्याची. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढे असते, मोठ्या माणसाचे आठव्या. एवढे जड डोके सांभाळणारी मान मात्र अजून कोवळी असते. समोरून धडक बसली तर पुढे तोंड करून बसलेल्या बाळाच्या मानेवर सगळा झटका येतो. मागे तोंड करून खास खुर्चीत बसलेल्या बाळाचा झटका खुर्चीच्या पाठीवर पसरतो. आईच्या मांडीवर बाळ सुरक्षित असते हा आपला फार जुना विश्वास आहे. पण ताशी पन्नासच्या वेगाने धडक झाली तर कोणत्याही आईचे हात त्याला धरून ठेवू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा मुलांसाठीची खुर्ची बंधनकारक केली आहे. कायदा नसता तरी हा खर्च सर्वांत आधी करावा.

तिसरी गोष्ट उष्णतेची. मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते आणि उन्हात बंद उभ्या गाडीचे तापमान वीस मिनिटांत दहा अंशांनी वाढू शकते. गाडी सावलीत असो की उन्हात, पाच मिनिटांचे काम असो की दोन, मुलाला एकटे आत ठेवायचे नाही.

चौथी गोष्ट एका पुडीत मावते. प्रवासात पाणी बदलते, मुलांचे पोट बिघडते आणि जुलाबांनी अंगातले पाणी झपाट्याने जाते. आतड्यातली पाणी शोषण्याची एक वाट साखर आणि मिठाच्या जोडीने उघडते. ग्लुकोज आपल्यासोबत सोडियमला पेशीत ओढते आणि सोडियममागे पाणी जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट शाबूत राहते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे हे पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली. छावणीतले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. पुढे ‘लॅन्सेट’ने या उपचाराला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले. तो शोध आज ओआरएसच्या पुडीत मेडिकलमध्ये काही रुपयांना मिळतो. चार पुड्या गाडीत ठेवा. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढे पुरते.

आता मजल ठरवता येते. दिवसाला अडीचशे ते साडेतीनशे किलोमीटर, दर दोन तासांनी उतरणे आणि अंधारात गाडी न चालवणे. पहाटे निघालात तर मुले पहिले दोन तास झोपेतच काढतात आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास मुक्काम गाठला तर त्यांना धावायला उजेड उरतो. पहिला मुक्काम नागपूर, दुसरा जबलपूर, तिसरा रीवा किंवा प्रयागराज, चौथा गोरखपूर आणि पाचव्या दिवशी सीमा. मधे एक दिवस कुठेही न जाण्याचा ठेवा. मुलांना तो लागतोच.

केव्हा निघायचे, हे आकाश आणि शेत मिळून ठरवतात. मे महिन्यात शाळेला सुटी असते, पण विदर्भापासून उत्तर प्रदेशापर्यंत ऊन पंचेचाळीस अंशांकडे धावत असते. जून ते सप्टेंबर नेपाळच्या डोंगरांत दरडी कोसळतात आणि तराईतल्या नद्या फुगतात. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीपर्यंत गंगेच्या मैदानात असे धुके पडते की पुढची गाडी दिसत नाही. पाऊस सरला आणि धुके अजून उतरले नाही, अशी एक खिडकी उघडी राहते. नेमकी त्याच वेळी दिवाळीची सुटी असते. शेतकऱ्याच्या घरी मात्र हेच कामाचे दिवस. म्हणून सोयाबीन घरात आलेले, कापसाचा पहिला वेचा झालेला आणि पुढच्या वेच्याआधी मिळणारे दोन आठवडे, असा हिशेब घरातल्या मोठ्यांसोबत बसून करावा लागतो. मागे राहून पऱ्हाटी आणि गोठा सांभाळणारा भाऊ किंवा शेजारी हा या सहलीचा तितकाच महत्त्वाचा सदस्य आहे.

वाटेत मुलांना काय दाखवायचे, याची यादी करायची गरज नाही. वाटच दाखवत जाते. नागपूरहून मनसर सोडले की महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो आणि मधे मधे खांबांवर उचललेला आहे. वाघ, गवा, रानकुत्री यांनी खालून जावे म्हणून. इथे अशी नऊ बांधकामे आहेत, त्यांतले सर्वांत लांब ७५० मीटरचे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी त्यांखालून वाघासह १८ जातींचे प्राणी जाताना टिपले. आपण वरून जात असताना खालून एखादी वाघीण पिलांना घेऊन रस्ता ओलांडत असेल, ही शक्यता खरी आहे. मुलांना हे सांगा आणि गाडीतली शांतता ऐका.

मध्य प्रदेशात शिरल्यावर एक खेळ सुरू करता येतो, पाट्यांवर ‘ळ’ शोधण्याचा. यवतमाळात तो घरोघरी होता. आता पाट्या त्याच देवनागरीत आहेत, पण ‘ळ’ दिसेनासा झाला आहे. नुकतेच वाचायला शिकलेले मूल या खेळात मोठ्यांना हरवते.

नद्यांचाही एक खेळ आहे. पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. जबलपूरच्या वाटेवर नर्मदा ओलांडता, तिचे पाणी मात्र पश्चिमेला अरबी समुद्राकडे निघालेले असते. कटनीपुढे पडणारे पाणी गंगेकडे वळते, म्हणजे पुन्हा बंगालच्या उपसागराकडे. पुलावर कुठल्याही नदीचा वाहता ओघ पाहून ‘हे पाणी कुठे पोहोचेल?’ एवढाच प्रश्न मुलांना विचारा. नकाशा त्यांना आपोआप हवासा वाटू लागेल.

जबलपूर आणि कटनीच्या दरम्यान, सिहोऱ्याजवळ, गाडी कर्कवृत्त ओलांडते. फुलसावंगीत मे महिन्याच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जुलैत सूर्य एकेक दिवस अगदी डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखाली जाते. कर्कवृत्ताच्या उत्तरेला असे कधीच होत नाही. तिथल्या मुलांनी आपली सावली नाहीशी झालेली पाहिलेलीच नसते.

अयोध्या आणि बस्तीच्या दरम्यान आणखी एक अदृश्य रेषा येते, ८२.५ पूर्व रेखांशाची. अख्ख्या भारताचे घड्याळ या रेषेवरच्या सूर्यावर लावलेले आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटे, साडेपाच तास. ग्रीनिचपेक्षा आपण तेवढेच पुढे आहोत. फुलसावंगी या रेषेच्या पश्चिमेला साधारण साडेचार-पावणेपाच अंश आहे, म्हणून गावातला सूर्य घड्याळाच्या अठरा-एकोणीस मिनिटे मागे चालतो. गोरखपूरकडे पोहोचेपर्यंत घड्याळ तेच, पण सूर्य वीस मिनिटांहून अधिक आधी मावळू लागतो. मुले लवकर पेंगुळतात यामागे दमणूक जशी असते तसा हा सूर्यही असतो. जेवण अर्धा तास अलीकडे आणा.

कागद सोपे आहेत, पण ते आधीच हातात हवेत. नेपाळसाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही. ३१ जुलै १९५० च्या मैत्री कराराने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे ये-जा करण्याची मुभा दिली आहे. मोठ्यांकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे. मोठ्यांना इथे आधार चालत नाही. पंधरा वर्षांखालील मुलांना आणि पासष्ट वर्षांवरील ज्येष्ठांना मात्र ते २०१९ पासून चालते. मुलांचे जन्मदाखले आणि शाळेची ओळखपत्रेही ठेवा, म्हणजे नाते सिद्ध करायला अडचण येत नाही. गाडीचे नोंदणीपत्र, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना मूळ प्रतीत घ्या. विमा कंपनीकडून नेपाळपुरता भौगोलिक विस्तार पॉलिसीवर लिहून घ्या. अनेकांना अशी सोय असते हेच ठाऊक नसते आणि सीमेपलीकडे अपघात झाल्यावर ती आठवून उपयोग नसतो. सीमेवर गाडीसाठी दिवसांच्या हिशेबाने शुल्क भरून परवाना काढावा लागतो, त्या कचेरीला तिथे भन्सार म्हणतात. एक दिवस जास्तीचाच धरा.

आणि मग सोनौली. दोन्ही देशांमधली सुमारे १७५० किलोमीटरची ही सीमा खुली आहे. इथे एक कमान येते, तिच्याखालून सायकली, टांगे, ट्रक आणि बाजारहाट करणारी माणसे ये-जा करत असतात आणि तुमची गाडी त्यांच्यासोबत देश बदलते. रस्त्याची बाजू तीच, डावी. लिपीही तीच. जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत शिकणारे फुलसावंगीचे मूल परदेशात शिरल्या क्षणापासून तिथली प्रत्येक पाटी वाचू शकते. जगातल्या किती मुलांना हे भाग्य मिळत असेल!

बदलते ते काळाचे माप. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागते. नेपाळने १९८६ पासून आपली वेळ गौरीशंकर शिखराजवळून जाणाऱ्या ८६ अंश १५ मिनिटे रेखांशावर बांधली आहे. मुलाला गुणाकार करू द्या, ८६.२५ गुणिले ४ म्हणजे ३४५ मिनिटे, पावणेसहा तास. एका देशाने आपल्या डोंगरावरच्या सूर्यावर घड्याळ लावले, हे त्याला स्वतःच्या आकडेमोडीतून कळेल. भिंतीवरचे कॅलेंडर विक्रम संवताचे असल्याने वर्ष ५६-५७ने पुढचे असते. आठवड्याची सुटी शनिवारी. भारतीय शंभर रुपये म्हणजे नेपाळी एकशेसाठ, हा दर १९९३ पासून स्थिर आहे, तेव्हा आइस्क्रीमचा हिशेब मुलांवर सोपवता येतो.

सीमेपासून लुंबिनी तासाभराच्या वाटेवर आहे. नेपाळ म्हणजे डोंगर, ही समजूत इथे गळून पडते. लुंबिनी समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटरवर आहे आणि आपले यवतमाळ शहर सुमारे साडेचारशे मीटरवर. हिमालयाच्या देशात येऊन आपण खाली उतरलेले असतो, त्यामुळे उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास इथे मुलांना होत नाही. त्यांच्यासाठी ही जागा मोकळीढाकळी आहे. जपानी वास्तुकार केंझो तांगे यांनी १९७८ मध्ये पूर्ण केलेल्या आराखड्याप्रमाणे मधोमध लांब कालवा आहे आणि दोन्ही अंगांना निरनिराळ्या देशांचे विहार. भातशेतांत सारस क्रौंच दिसतात, माणसाच्या उंचीचे पक्षी. महाराष्ट्रात ते गोंदिया-भंडाऱ्याकडे मोजकेच उरले आहेत. मायादेवी मंदिराशेजारी सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात राजा स्वतः इथे आला, बुद्ध इथे जन्मले म्हणून त्याने या गावाला करात सूट दिली, हे त्यावर ब्राह्मी लिपीत कोरले आहे. आपण जी लिपी वाचत आलो तिची ही पणजी.

आता मोजणी. निघण्याच्या दिवशी गावात सपाट जागी एक मीटरची काठी उभी करून दुपारची सर्वांत आखूड सावली मोजलेली असू द्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती पाऊण मीटरच्या आत भरते. लुंबिनीत तीच काठी उभी करा. सावली मीटरभर होत आलेली असेल. पाच दिवसांत सूर्य स्वतःही थोडा दक्षिणेला सरकतो, पण वाढीतला मोठा वाटा आपल्या उत्तरेकडे येण्याचा आहे. रात्री ध्रुव पाहा. तो घरच्यापेक्षा पाऊण मूठ, म्हणजे साडेसात अंश वर.

बावीसशे वर्षांपूर्वी इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमध्ये हेच केले होते. कर्कवृत्ताजवळच्या सायीनी गावात वर्षातल्या ज्या दिवशी सूर्य डोक्यावर येतो, त्याच दिवशी उत्तरेकडच्या अलेक्झांड्रियात त्याने सावली मोजली आणि फरक आला सव्वासात अंशांचा. दोन गावांतले अंतर त्याला ठाऊक होते, त्यावरून त्याने सगळ्या पृथ्वीचा घेर काढला. फुलसावंगी आणि लुंबिनीतला फरक जवळपास तेवढाच आहे. नकाशावर सरळ उत्तरेकडचे अंतर साडेआठशे किलोमीटरच्या आसपास येते. साडेसात अंशांना साडेआठशे, तर तीनशेसाठ अंशांना किती? उत्तर चाळीस हजार आठशे. पृथ्वीचा खरा घेर सुमारे चाळीस हजार किलोमीटर आहे. एक काठी, एक मूठ आणि गाडीतली पाच दिवसांची वाट, एवढ्या साधनांवर घरातल्या पोरांनी पृथ्वी मोजली.

इथून पुढे पोखऱ्याचा मोह होतो. सिद्धार्थ राजमार्गाने बुटवल, पाल्पा करत तिथे जाता येते आणि फेवा तलावाकाठी आठशे मीटरवर उभे राहून ८०९१ मीटरचे अन्नपूर्णा शिखर पाहता येते. पण तो सगळा रस्ता वळणांचा आहे आणि आतल्या कानाचे गणित आपण आधीच पाहिले आहे. मुले सहा-सात वर्षांच्या आतली असतील तर पहिल्या खेपेला लुंबिनीतून परत फिरा. परतीच्या वाटेलाही तेवढेच दिवस द्या, कारण मुले दमतात ती येतानाच अधिक. पोखरा पुढच्या चार-पाच वर्षांत कुठे जाणार नाही आणि तोवर पोरांचे हात लांब होतील. तेव्हा त्याच ध्रुवाला मोजून पाहा. मूठ मोठी झालेली असेल, हात लांबलेला असेल आणि उत्तर तेच येईल. ते का, हे तेव्हा तुम्हाला समजावावे लागणार नाही.